बैठकीला जाण्यापूर्वी

सप्रेम आशीर्वाद.

दक्षिण कॅरोलायनातल्या सरकारी शाळेत गणित शिकवण्यासाठी तुझी निवड झाल्याचे कळले, फार आनंद झाला. तिथल्या कृष्णवर्णीय शिक्षकांच्या बैठकीला आपण परक्याने जावे का, असे तू विचारले आहेस. त्यांनी बोलावले असेल तर अवश्य जा. मात्र त्याआधी तिथल्याच एका कृष्णवर्णीय शिक्षिकेची, सेप्टिमा क्लार्क यांची, हकीकत समजून घे.

१९१६ साली क्लार्कबाई चार्ल्स्टनजवळच्या जॉन्स आयलंडवर शिक्षिका झाल्या. त्या आणि त्यांची सहकारी अशा दोघी १३२ मुलांना शिकवत आणि दोघींना मिळून महिन्याला ६० डॉलर मिळत. समोरच्या गोऱ्या मुलांच्या शाळेत तीन विद्यार्थी होते आणि तिथल्या शिक्षिकेला ८५ डॉलर पगार होता. शिक्षकाचा पगार आणि मुलांचे शिक्षण हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, हे त्यांना तिथेच उमगले असावे. चार्ल्स्टनच्या सरकारी शाळांत तेव्हा कृष्णवर्णीय मुलांसाठीही गोरेच शिक्षक नेमले जात. १९१९ साली क्लार्कबाई दारोदार सह्या गोळा करत फिरल्या आणि पुढच्याच वर्षी तो नियम बदलला. समान वेतनाच्या लढ्यातही त्या होत्या.

१९५६ साली राज्याने सरकारी नोकरांना 'एनएएसीपी' या नागरी हक्क संघटनेचे सभासद राहण्यास मनाई केली. क्लार्कबाईंनी सभासदत्व सोडले नाही, म्हणून नोकरी गेली आणि निवृत्तिवेतनही गेले. ते परत मिळायला १९७६ साल उजाडले. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वेगवेगळ्या शाळा एकत्र केल्या गेल्या, त्यातही अमेरिकेच्या दक्षिणेतल्या हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना घरी बसावे लागले. मुले एका बाकावर आली, पण त्यांना ओळखणारी माणसे शाळेबाहेर गेली, याचे मला आजही अतिशय वाईट वाटते. टेनेसी राज्यातल्या मुलांच्या नोंदींवरून झालेले संशोधन सांगते, की तिसरीपर्यंत एक जरी कृष्णवर्णीय शिक्षक लाभला, तरी कृष्णवर्णीय मुलांची कॉलेजात जाण्याची शक्यता १३ टक्क्यांनी वाढते.

नोकरी गेल्यावर क्लार्कबाई प्रौढांच्या वर्गांकडे वळल्या. जानेवारी १९५७ मध्ये जॉन्स आयलंडवर असा पहिला वर्ग भरला. पुढे किराणा दुकान आणि मागच्या खोलीत वर्ग, म्हणजे गोऱ्यांना संशय येऊ नये. शिकवायला होत्या केशभूषेचा व्यवसाय करणाऱ्या बर्निस रॉबिन्सन. पहिल्याच दिवशी त्यांनी विद्यार्थ्यांना विचारले, तुम्हाला काय शिकायचे आहे? कुणाला सही करायची होती, कुणाला मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता, कुणाला मतदार नोंदणीसाठी तेव्हा वाचून दाखवावा लागणारा राज्यघटनेतला उतारा वाचायला शिकायचे होते. पुठ्ठ्यावर लिहिलेल्या स्वतःच्या नावावरून ती मोठी माणसे पुन्हापुन्हा पेन्सिल फिरवत.

तेव्हा बैठकीत आधी ऐकून घे. मी पंचवीस वर्षे शाळेत काढली. तावातावाने बोलणारे पुष्कळ भेटले, हजेरीपट उघडून बसणारे फार थोडे. वरच्या गणिताच्या वर्गात कोणाची मुले जातात, शिक्षा म्हणून कोणाला घरी पाठवले जाते, ही मोजदाद तुला उत्तम जमेल. ती करून त्यांच्या हाती दे. मागणी काय करायची, ते त्यांना ठरवू दे. पहिली बैठक झाली की सविस्तर लिही.