प्रभू येणार आहे, मग खरड छाटणी कशाला?

प्रिय मावशी,

सलाम. मी मिरज तालुक्याच्या पूर्व भागात राहते. घरी दीड एकर द्राक्षबाग, सासूबाई, आणि नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी. आमचे हे दारूला शिवत नाहीत, अंगावर हात टाकत नाहीत, उलट रात्री दोन-दोन वाजेपर्यंत प्रार्थना करतात. म्हणून माझं गाऱ्हाणं कुणी गाऱ्हाणं मानतच नाही. 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत धाकटे दीर गेले. तेव्हापासून हे मोबाईलवर एका उपदेशकाचे व्हिडिओ बघतात. तो सांगतो, येत्या दिवाळीच्या आत प्रभू येशू येणार. आता ह्यांचं म्हणणं, यंदा एप्रिलची खरड छाटणी करायची नाही, पुढचा माल उतरायला आपण इथं नसणार. अर्धा एकर विकून पैसे त्या उपदेशकाच्या कामाला द्यायचे. मुलीची फी भरायची नाही. सासूबाईंच्या मोतीबिंदूचं विचारलं तर, 'कशाला? तिकडं नवेच डोळे मिळणार.' मी तोंड उघडलं की म्हणतात, तुझा विश्वास कमी पडतोय. आणि मावशी, तेच मला खातंय. कारण मला खरंच प्रभू आत्ता यायला नको वाटतो. पोरीला नर्सच्या गणवेशात बघायचंय मला. हे पाप आहे का?

– एक बहीण, मिरज पूर्व

लेकी, सलाम.

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो तू सगळ्यात हळू आवाजात विचारलायस.

मी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्स होते. माझं लग्न ठरलं त्या वर्षीची 31 डिसेंबरची रात्रीची उपासना मला अजून आठवते. पाळकसाहेबांनी प्रकटीकरणाचा, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा, शेवट वाचला, सगळी मंडळी एका सुरात म्हणाली, 'ये, प्रभू येशू.' मी पण म्हणाले. आणि ओठांच्या आत पुस्ती जोडली: मे महिन्यानंतर. लग्न मेमध्ये होतं ना! घरी येऊन रडले, वाटलं आपण नरकात जाणार. वॉर्डातल्या आमच्या सिस्टरबाईंना सांगितलं तर त्या एवढ्या हसल्या, की हातातली थर्मामीटरची बाटली हिंदकळली.

तेव्हा हसणं कळलं नव्हतं, आता कळतं. आपल्याला लहानपणापासून वाटत आलंय की प्रभू येणार म्हणजे आपल्याला इथून उचलून नेणार, आणि मागं राहिलेलं घर, बाग, गणवेश सगळं राखेत जाणार. तसं असेल तर कुठल्या आईला ते हवंसं वाटेल? पण शास्त्र उघडून बघ. प्रकटीकरणाच्या 21 व्या अध्यायात माणसं वर जात नाहीत, नगरी खाली उतरते. देव माणसांत वस्तीला येतो. आणि यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, 65 व्या अध्यायात, नवं आकाश, नवी पृथ्वी यांचं वर्णन आहे, तिथं लोक काय करताना दिसतात? घरं बांधून त्यात राहतात, आणि द्राक्षमळे लावून त्यांचं फळ खातात. द्राक्षमळे, लेकी! तुझ्या नवऱ्याला सोडायचीय ती गोष्ट यशयाला तिकडंही दिसली. मग पोरीचा गणवेश बघावासा वाटला तर ते पाप कसलं? प्रेषित पौलानं पुनरुत्थानावर एवढा लांबलचक अध्याय लिहिला, करिंथकरांस पहिलं पत्र, 15 वा, आणि शेवटी काय सांगितलं? तुमचे श्रम प्रभूमध्ये व्यर्थ नाहीत. नर्सिंगची तीन-चार वर्षं, रात्रपाळ्या, बेडपॅन, हे सगळं त्या श्रमांत धरायला माझी तरी हरकत नाही. म्हणजे तुझा विश्वास कमी पडलेला नाही, एवढं धरून चाल.

आता जावईबापूंकडे येते. तू पत्रात एक ओळ लिहून पुढं पळालीस: '2021 मध्ये धाकटे दीर गेले.' मी तिथंच थांबले. त्या साली मातीला किती माणसं होती? चार? तीही किटमधली? तोंड बघायला मिळालं का भावाचं? मला वाटतं, हा माणूस प्रभूची वाट बघतोय असं म्हणतो तेव्हा निम्मी वाट भावाची असते. दिवाळीच्या आत प्रभू आला, तर दिवाळीच्या आत भाऊ भेटेल. असा हिशेब कुणी तोंडानं मांडत नाही, पण रात्री दोन वाजता मोबाईल धरून बसलेल्या माणसाचा तो असू शकतो.

गंमत बघ, हेच दुखणं दोन हजार वर्षांपूर्वी थेस्सलनीकेच्या मंडळीत होतं. प्रभू लवकर येणार म्हणून ते वाट बघत होते आणि तेवढ्यात त्यांच्यातली काही माणसं वारली. मागं राहिलेल्यांना धास्ती पडली की गेलेल्यांचं आता काय? पौलानं पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात त्यांना लिहिलं, की ज्यांना आशा नाही अशांसारखा शोक करू नका. ख्रिस्तामध्ये मेलेले आधी उठतील. नीट वाच, शोकच करू नका असं तो म्हणत नाही. आणि त्याच मंडळीत काही जण कामधंदा सोडून बसले होते, लोकांच्या घरी लुडबुड करत फिरत होते. दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात त्यांना सरळ सुनावलंय: ज्याला काम करायचं नाही त्यानं खाऊही नये. लिहिणारा स्वतः तंबू शिवून पोट भरणारा. मला या दोन पत्रांचं नेहमी नवल वाटतं. एकाच मंडळीत दुःख आणि रिकामपण, दोन्ही, आणि पौलानं दुःखाला सांत्वन दिलं, रिकामपणाला काम दिलं. तुझ्या घरी आत्तापर्यंत उलटं झालंय. दुःखाला कुणी हात लावला नाही आणि रिकामपणाला उपदेशकानं शाबासकी दिली.

तारखेचं काय, असं तू विचारलं नाहीस, पण तुझे 'हे' विचारतील. 2019 च्या ऑगस्टात, कृष्णेच्या पुरात, आपण सगळे तासातासाला सांगलीच्या आयर्विन पुलाचं एकच विचारत होतो, 'आयर्विनला किती फूट?' 40 म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, त्या वर्षी पाणी 57 वर गेलं. आकडा कळला की भांडी माळ्यावर जायची, जनावरं सुटायची. प्रभूच्या येण्याला तसली फूटपट्टी कुठल्याच पुलाला बांधलेली नाही. मत्तय 24:36 मध्ये तो स्वतः सांगतो, तो दिवस आणि ती घटका देवदूतांना ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. मोबाईलमधल्या बाबाला पुत्रापेक्षा जास्त कळतंय का, एवढंच विचार नवऱ्याला. भांडणाच्या सुरात नको, भाकरी वाढताना विचार.

अशा तारखा याआधी पुष्कळ येऊन गेल्या. अमेरिकेत विल्यम मिलर नावाचा शेतकरी उपदेशक झाला. त्याच्या शिकवणीवरून 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख ठरली. काहींनी पीक शेतात तसंच सोडलं. 23 तारीख नेहमीसारखी उजाडली. दक्षिण कोरियात एका पंथानं 28 ऑक्टोबर 1992 सांगितली. लोकांनी नोकऱ्या सोडल्या, घरं विकली, आणि त्या प्रचारकाला तारखेआधीच फसवणुकीबद्दल अटक झाली तेव्हा कळलं, की त्यानं स्वतःचे पैसे त्या तारखेनंतर मुदत संपणाऱ्या रोख्यांत ठेवले होते! 2011 मध्ये अमेरिकेतल्या हॅरोल्ड कॅम्पिंगनं आधी 21 मे सांगितली, ती हुकल्यावर 21 ऑक्टोबर. पुढच्या वर्षी त्यानं चूक कबूल केली, पण जाहिरातींवर ज्यांची पुंजी गेली ती गेलीच. तिन्हीकडं ऑक्टोबर आहे, लक्षात आलं का? आपल्याकडं ऑक्टोबर म्हणजे द्राक्षाची दुसरी, फळछाटणी. माझ्या माहेरी पण बाग होती, म्हणून हे असलं डोक्यात येतं.

मग जमीन. इथं मावशी जरा कडक होणार. सातबारा काढ आणि नावं बघ. जमीन सासऱ्यांची असेल आणि ते मृत्युपत्र न करता गेले असतील, तर आपल्या ख्रिस्ती लोकांना 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. त्यात एक तृतीयांश विधवेचा, म्हणजे तुझ्या सासूबाईंचा. उरलेलं दोन तृतीयांश मुलांना सारखं, मुलींनाही. सासऱ्यांच्या मागं दीर गेले, तर त्यांचा वाटा त्यांच्या बायको-पोरांकडं जातो. म्हणजे तुझा नवरा एकटा सही करून अर्धा एकर तोडून देऊ शकतो का, हा प्रश्नच आहे. वारसनोंद झाली नसेल तर तलाठ्याकडं अर्ज करून करून घ्या, आणि सांगलीला एखाद्या वकिलाला कागद दाखव. सासूबाईंना सांगून ठेव, न वाचता कुठं अंगठा किंवा सही द्यायची नाही. याला अविश्वास म्हणत असतील तर म्हणू देत. यिर्मया संदेष्ट्यानं यरुशलेमेला वेढा पडलेला असताना, शहर पडणार हे स्वतःच सांगत असताना, अनाथोथचं शेत 17 शेकेल रुपं मोजून विकत घेतलं. साक्षीदार आणले, खरेदीखत मातीच्या भांड्यात घालून ठेवलं. 32 वा अध्याय. शेवट जवळ आला म्हणून विकणारे पुष्कळ असतात, विकत घेणारा तो एक.

डोळ्यांचं तर मला बोलवत नाही. यरीहोच्या रस्त्यावर आंधळ्या बार्तीमयानं हाक मारली तेव्हा प्रभूनं त्याला 'थांब, पुढं नवे डोळे मिळतील' असं सांगितलं का? ज्या मिरजेत तुम्ही राहता तिथं मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी 1894 मध्ये हॉस्पिटल उभं केलं. रोज 'तुझे राज्य येवो' म्हणणारी माणसं होती ती, पण म्हणून रोग्यांना दारातून परत पाठवत नव्हती. सासूबाईंची तारीख घे. नवऱ्याची परवानगी मागू नकोस, फक्त कळव. फीचंही तसंच. शिष्यवृत्ती, बचत गट, माहेर, जे दार उघडेल ते ठोठाव, पण वर्ष वाया जाऊ देऊ नकोस.

नवऱ्याशी कसं वागायचं? मोबाईल हिसकावून घेऊ नकोस. रविवारी चारचौघांत त्याची फजिती करू नकोस. 'तुमचं डोकं फिरलंय' हे तर अजिबात नको. एखाद्या संध्याकाळी जावेला आणि तिच्या पोरांना जेवायला बोलव. दिराची आवडती भाजी कर. नंतर दोघांनी मिळून थेस्सलनीकाकरांसची दोन्ही पत्रं सलग वाचा, आठ अध्याय आहेत, पाऊण तासात होतात. तो चौथ्या अध्यायात रडला तर रडू दे, बोलू नकोस. त्या रात्री छाटणीचा विषय काढायचाच नाही. तुमच्या पाळकांना आधी एकटी भेटून भावाची गोष्ट सांग, तारखेची नंतर. पाळक समजूतदार असतील तर कबरीपाशी छोटीशी प्रार्थनासभा ठेवतील. 2021 मध्ये राहून गेलेली माती आत्ता होईल म्हण.

आणि एक नर्स म्हणून विचारते. तो झोपतो का? जेवतो का? 'मला आवाज ऐकू येतो', 'मी निवडलेला आहे' असं काही म्हणतो का? घरातल्या वस्तू लोकांना वाटून टाकतो का? असं असेल तर प्रार्थना चालू ठेव आणि मानसोपचाराच्या डॉक्टरकडं पण ने. टेलि-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. तू स्वतःसाठी केलास तरी चालेल, तुझंही काही कमी ओझं नाही.

राहिली छाटणी. याकोबानं आपल्या पत्रात प्रभूच्या येण्याची वाट कशी बघायची ते सांगताना उदाहरण कुणाचं दिलं? शेतकऱ्याचं. पाचव्या अध्यायात, पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट बघणारा. तो शेतकरी बांधावर हात जोडून बसला असेल असं ज्याला वाटतं त्यानं शेत केलेलं नाही. तुझ्या नवऱ्याला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे: एप्रिलच्या छाटणीनंतरच्या दोनेक महिन्यांत काडीच्या डोळ्यात घड धरतो, बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही, आणि माल हातात येतो तो पुढच्या फेब्रुवारी-मार्चला. गेली वीस वर्षं दर एप्रिलला तो न दिसणाऱ्या घडासाठी कात्री चालवत आलाय. त्याला म्हणावं, तुमच्या आशेची सवय तर तिथलीच आहे.

तरी ऐकलं नाही तर? तर यंदा छाटणी तू उभी राहून करून घे. मजुरांची टोळी आत्ताच सांगून ठेव, एप्रिलमध्ये ऐनवेळी कुणी मिळत नाही. तो बांधावर येऊन उभा राहील, आणि माझा अंदाज विचारशील तर दुसऱ्या दिवशी 'अशी नाही, तिरपी मार' म्हणत कात्री हातात घेईल. नाहीच घेतली तर मला परत लिही.

सासूबाईंच्या ऑपरेशननंतर डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, थेंब वेळेवर घालायचे, आणि काही दिवस चुलीच्या धुरापुढं बसू द्यायचं नाही. त्या ऐकणार नाहीत. लेकीला सांग, दुसरं वर्ष आहे ना तिचं, हा पेशंट तिचा.

– मावशी