रेड कॉर्नर नोटीस निघाली म्हणजे अटक होणारच का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: इंटरपोलची नोटीस निघाली की माणसाला जगात कुठेही अटक होते का, आणि नोटीस चुकीची असेल तर दाद कुठे मागायची.

पहिल्याचं उत्तर, नाही. अटक करायला जाणारे पोलीस इंटरपोलकडे नसतातच. 196 सदस्य देशांच्या पोलिसांनी एकमेकांना माहिती पोचवावी, हे तिचं मुख्य काम. ‘हा माणूस आम्हाला हवाय, सापडला तर प्रत्यार्पणाचं ठरेपर्यंत ताब्यात ठेवा’ अशी एका देशाने बाकीच्यांना केलेली विनंती म्हणजे ही नोटीस. ती किती मानायची हे जो तो देश ठरवतो. अमेरिकेत केवळ नोटिशीवर अटक होत नाही, काही देशांत लगेच होते.

आणि तिथेच माणसं भरडली जातात. बहारीनचा फुटबॉलपटू हकीम अल-अरैबी याला ऑस्ट्रेलियाने निर्वासित म्हणून आसरा दिला होता. नोव्हेंबर 2018मध्ये तो बायकोबरोबर मधुचंद्रासाठी बँकॉकला उतरला आणि विमानतळावरच धरला गेला, कारण बहारीनच्या सांगण्यावरून नोटीस निघाली होती. ज्या देशातून जीव वाचवून पळाला त्याच देशाच्या विनंतीवरून निर्वासिताविरुद्ध नोटीस काढायची नाही, असं इंटरपोलचंच धोरण आहे. त्यामुळे काही दिवसांतच ती रद्द झाली. तो मात्र सुटला फेब्रुवारी 2019मध्ये. मधल्या काळात त्याला पायात बेड्या घालून, अनवाणी कोर्टात आणलं, तेव्हा तो पत्रकारांना ओरडून सांगत होता की मला बहारीनला पाठवू नका. मला ते दृश्य विसरता येत नाही. हा माणूस निर्वासित आहे, एवढी साधी गोष्ट ऑस्ट्रेलियाच्या एका खात्याने दुसऱ्याला वेळेत कळवली नव्हती! माग काढायला सगळे देश एकत्र येतात, पण चूक झाली की ती नक्की कुणाच्या पदरात टाकायची हे ठरत नाही. माझा खरा राग याच्यावर आहे.

आता दाद. इंटरपोलच्या नोंदी तपासणारा एक स्वतंत्र आयोग आहे, सीसीएफ नावाचा. त्याच्याकडे कुणीही थेट अर्ज करू शकतं, फी नाही. अर्ज इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश किंवा अरबीत लागतो. आपल्या नावावर काय नोंद आहे हे विचारणारा अर्ज वेगळा, ती पुसायला सांगणारा वेगळा. पुसण्याच्या अर्जावर, तो दाखल करून घेतल्यापासून साधारण 9 महिन्यांत निर्णय यायला हवा. राजकीय, लष्करी, धार्मिक किंवा वांशिक स्वरूपाच्या प्रकरणात पडायला इंटरपोलच्या घटनेचं कलम 3 मनाई करतं, तेव्हा मुद्दा तसा असेल तर तो ठळक मांडा. निर्वासित दर्जाचा किंवा एखाद्या कोर्टाने प्रत्यार्पण नाकारल्याचा कागद असेल तर तो जोडाच.

एक मात्र ध्यानात ठेवा. नोंद पुसली तरी मागणाऱ्या देशातलं मूळ वॉरंट कायम राहतं, आणि एखाद्या देशाच्या संगणकात जुनी नोंद तशीच पडून असू शकते. म्हणून प्रवासाला निघताना आयोगाच्या निर्णयाचं पत्र जवळ असू द्या.