शेजारच्या टेबलावरून पोस्टग्रेस उघडत नाही

प्रश्न : वाचनालयात पोस्टग्रेस (माहिती साठवणारा डेटाबेस) बसवलंय. त्याच संगणकावर चालतं, शेजारच्या टेबलावरून जोडणी होत नाही. सेटिंगच्या फाइलीत ‘लिसन अ‍ॅड्रेसेस’ (सर्व्हरने कोणत्या पत्त्यांवर जोडणी ऐकायची ती ओळ) बदलूनही तेच.

उत्तर : ताई, त्या ओळीच्या सुरुवातीचं # काढलंत का? ते असेपर्यंत सर्व्हर ती ओळ वाचतच नाही, मूळचं ‘लोकलहोस्ट’च, म्हणजे फक्त तोच संगणक, धरून बसतो. # काढा आणि सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करा. नुसतं रीलोड, म्हणजे सर्व्हर चालू ठेवून सेटिंग पुन्हा वाचायला लावणं, इथे पुरत नाही. मग ‘पीजी एचबीए’ फाइलीत (कुणाला, कुठून जोडू द्यायचं याचे नियम तिच्यात असतात) वाचनालयाच्या नेटवर्कची ओळ घाला. तिला मात्र रीलोड पुरतं. नियम वरून खाली तपासले जातात, पहिला जुळला की पुढचे बघत नाहीत. तेव्हा क्रम नीट पाहा. त्या ओळीत ओळख तपासण्याची पद्धत ‘स्क्रॅम’च (पासवर्ड विचारणारी) ठेवा. घाईघाईत ‘ट्रस्ट’ लिहू नका, अगदी कळकळीने सांगते : मग त्या नेटवर्कवरचा कुणीही पासवर्डाशिवाय सभासदांची माहिती उघडेल.