गुडघा बदलल्यावर तिसऱ्याच दिवशी डिस्चार्ज म्हणतायत, आईला गावी न्यावं का?

हो न्या, पण आई वॉकर धरून संडासपर्यंत जातेय, गोळ्यांवर दुखणं आवरतंय आणि जखम कोरडी आहे एवढं बघूनच. मी लातूरला फिजिओथेरपी करते, लवकर घरी गेलेले बरेच पेशंट सांगतात की घरी झोप लागते, जेवण जातं, भीती असते ती रात्री पोटरी सुजली तर फोन कुणाला करायचा याची, आणि ती भीती खरीच आहे कारण रक्ताची गाठ घरी गेल्यावरही होऊ शकते, म्हणून नंबर आधीच लिहून घ्या, रक्त पातळ करायचं औषध चुकवू नका, धाप लागली तर लगेच दवाखाना. गावात उकिडवं बसायचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आधी आणा. आई एकटी राहत असेल तर मात्र डॉक्टरांशी बोलून थोडं थांबा.