एफएसए: पुण्यातलं रूट कॅनल चालेल, तिथून आणलेल्या गोळ्या नाहीत

प्रश्न (न्यू जर्सी): कंपनीच्या हेल्थ एफएसएमध्ये (पगारातून करापूर्वी कापून उपचारांसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांचं खातं) माझे २०२५ चे अकराशे डॉलर उरलेत. डिसेंबरात पुण्याला जातोय, तिथे रूट कॅनल आणि कॅप करायची आहे. पैसे मिळतील? येताना बीपीच्या वर्षभराच्या गोळ्या आणल्या तर?

दाताचे मिळतील. उपचार दोन्ही देशांत कायदेशीर असला की झालं, तो परदेशात घेतला म्हणून अडत नाही. अडतं ते पावतीपाशी. ‘डेंटल ट्रीटमेंट’ एवढंच लिहून खाली एकूण रक्कम टाकलेली चिठ्ठी हमखास परत येते. पावतीवर रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं किंवा दवाखान्याचं नाव-पत्ता, उपचाराची तारीख, नेमकं काय केलं आणि रक्कम, या पाचही गोष्टी हव्यात. लेटरहेडवर, इंग्रजीत, शक्यतो दाताच्या क्रमांकासह मागून घ्या. परत आल्यावर फोनाफोनी करून ती मिळवणं फार जिकिरीचं होतं. यूपीआयचा स्क्रीनशॉट किंवा कार्डाची स्लिप पुरत नाही. त्यातून पैसे दिल्याचं कळतं, कशाचे दिले ते कळत नाही. तिथे एफएसएच्या डेबिट कार्डावर विसंबू नका. खिशातून भरा, त्या दिवशीचा रुपया-डॉलर दर लिहून ठेवा आणि नंतर क्लेम लावा.

आता तारीख. इथे उपचाराचा दिवस धरतात, पैसे भरल्याचा नाही. रूट कॅनल २९ डिसेंबरला झालं आणि पुढचं काम जानेवारीत गेलं, तर त्याचे पैसे डिसेंबरात ॲडव्हान्स भरूनही ते काम २०२६ मध्येच मोडतं. म्हणून दोन्ही कामांच्या नोंदी वेगळ्या मागा. जमलं तर पोहोचल्या पोहोचल्या दवाखाना गाठा.

गोळ्यांचं मात्र उलट आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध तिथेच घेऊन तिथेच संपवलं तर चालतं, म्हणजे रूट कॅनलनंतरचं अँटिबायोटिक चालेल. बॅगेत भरून अमेरिकेत आणलेली औषधं चालत नाहीत. दात पांढरे करून घेणं कॉस्मेटिक, तेही नाही. आणि घरच्यांना भेटायला जाताना दात करून घेतला म्हणून विमानाचं तिकीट यात घुसवू नका.

प्रश्न (टेक्सास): आई सहा महिन्यांसाठी आली आहे. तिचा चष्मा माझ्या एफएसएतून होईल?

व्हिजिटर व्हिसावर आलेल्या, घर-संसार भारतात असलेल्या आईसाठी सहसा नाही. ती करासाठी तुमच्यावर अवलंबून धरली जावी लागते. म्हणजे ती अमेरिकेची नागरिक, नाहीतर अमेरिका, कॅनडा किंवा मेक्सिकोची रहिवासी हवी आणि तिचा निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही उचलत असायला हवा. ग्रीन कार्डावर तुमच्याकडे राहणारी आई यात बसू शकते.

प्रश्न: २०२६ साठी किती रक्कम निवडावी? मध्येच नोकरी सोडली तर?

कमाल ३,४०० डॉलर. पण तेवढी घेतलीच पाहिजे असं नाही. ठरलेले खर्च तेवढे मोजा: चष्मा, लेन्स, मुलांच्या दातांच्या तारा, नेहमीच्या औषधांचा को-पे (विमा असूनही आपण भरायचा वाटा). विम्याचा हप्ता यातून देता येत नाही. एकदा निवडलेली रक्कम लग्न, बाळंतपण अशा कारणाशिवाय वर्षभर बदलत नाही. इन्कम टॅक्सच्या २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे ७.६५ टक्के धरून हजारामागे सुमारे २९६ डॉलर वाचतात. न्यू जर्सीत राज्याचा कर मात्र वाचत नाही.

उरलेल्या पैशांचं काय, हे कंपनीच्या योजनेवर आहे. २०२५ मधले जास्तीत जास्त ६६० डॉलर पुढे नेता येतात, किंवा खर्चाला अडीच महिन्यांची जादा मुदत मिळते. दोन्ही एकदम नाही. काही कंपन्या दोन्हींतलं एकही देत नाहीत. एचआरला हेच विचारा, आणि क्लेम पाठवायची शेवटची तारीखही. ती वेगळी असते आणि लोक तिथेच चुकतात.

नोकरी सोडण्याचा हिशेब मजेशीर आहे. वर्षाची पूर्ण रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते. मार्चपर्यंत पगारातून ६०० कापले गेले, तुम्ही २,००० वापरले आणि नोकरी सोडली, तरी कंपनी फरक मागू शकत नाही. उलट कमी वापरले असतील तर बाकी कंपनीकडे जाते. नोकरी सुटल्यानंतरच्या उपचारांचे पैसे, कोब्रा (नोकरी सुटल्यावर स्वतः पैसे भरून कंपनीची योजना चालू ठेवण्याची सोय) घेतल्याशिवाय, मिळत नाहीत.

प्रश्न: माझा एफएसए आहे, नवऱ्याने एचएसए (उपचारांसाठीचं करसवलतीचं स्वतःचं बचत खातं) उघडला तर?

तुमच्या साध्या एफएसएतून त्याच्याही खर्चाचे पैसे मिळू शकतात, म्हणून तो एचएसएत पैसे भरायला अपात्र ठरतो. तुमच्या कंपनीत फक्त दात आणि डोळ्यांपुरता मर्यादित एफएसए असेल तर तो घ्या, मग दोन्ही चालतात.