पाळणाघर, सुलतान आणि मधली दोन दारं

प्रश्न: ताई नमस्कार. मी चिंचवडला राहते, वय ३६. मुलगा झाल्यावर नोकरी सोडली ती सोडलीच, आता तो ८ वर्षांचा आहे आणि मी घरीच पाळणाघर सुरू करायचं ठरवलंय. आमच्या भागात नवरा-बायको दोघंही कंपनीत जाणारी घरं भरपूर, त्यामुळे मुलं मिळतील याची खात्री आहे. घर तळमजल्यावर, टू बीएचके, मागे छोटं अंगण. अडचण एकच, आमचा सुलतान. जर्मन शेफर्ड, ४ वर्षांचा, वजन ३८ किलो. आजपर्यंत कुणाला साधा दात लावलेला नाही, माझा मुलगा तर त्याच्या अंगावर लोळतो. पण परवा एक आई चौकशीला आली, सुलतान भुंकला आणि ती चप्पलसुद्धा न काढता दारातूनच परत गेली. जाऊबाई म्हणतात गावाला शेतावर सोडून द्या त्याला. नवरा म्हणतो आधी मुलं तर येऊ देत, रुळली की मग सांगू कुत्रा आहे म्हणून. मला दोन्ही पटत नाहीये. काय करू?
एक वाचक, चिंचवड

उत्तर: तुम्हाला दोन्ही पटत नाहीये ना, मग तुमचं मन बरोबर सांगतंय तुम्हाला.

शेतावर सोडायचा विषय आधी संपवते. ४ वर्षं घरात, माणसांत वाढलेला कुत्रा शेतावर नेऊन साखळीला बांधला की तो खात नाही, रात्रभर रडतो, आणि तुमचं गाव जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडचं असेल तर बिबटे कुत्री उचलून नेतात हे तिकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तेव्हा ते नाही करायचं. पाळणाघराचा नाद सोडायचीही गरज नाही. मी १६ वर्षं पाळणाघर चालवलं आणि त्यातली ९ वर्षं घरात मोठा कुत्रा होता, त्यामुळे हे होतं हे मी अनुभवाने सांगतेय, फक्त ज्या पद्धतीने होतं ती पद्धत कंटाळवाणी आहे आणि रोज, न चुकता करावी लागते.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्याची मला काळजी वाटली ते सांगते. "माझा मुलगा त्याच्या अंगावर लोळतो." अहो, तो तुमचा मुलगा आहे, सुलतानने त्याला स्वतः पिल्लू असल्यापासून बघितलंय, त्याचा वास, त्याचं धावणं, त्याचं किंचाळणं सगळं त्याच्या ओळखीचं. पाळणाघरात येणारं दीड वर्षाचं बाळ म्हणजे त्याच्यासाठी एकदम परकं, लुडबुडत चालणारं, मधेच किंकाळी फोडणारं, हाताला बिस्किटाचा वास असलेलं काहीतरी. आणि अशी एक नाही, चार. तो आजवर चावला नाही याचा अर्थ एवढाच की आजवर अशी वेळ त्याच्यावर आलेली नाही.

माझ्या घरी ती वेळ आली होती. आमची राणी, लॅब्राडोर, गावभर लाडकी. मुलं आली की शेपटी हलवत फिरायची त्यांच्यात आणि मला कौतुक वाटायचं, तेव्हा मी तिला मोकळीच ठेवायचे. ९ वर्षांची झाली आणि मागचे पाय दुखायला लागले तिचे, पण लॅब दुखणं दाखवत नाही पटकन. एक दिवस सकाळी साडेदहाला मी ओट्यापाशी दूध गाळत होते, चार फुटांवर राणी आडवी झालेली, आणि एक दोन वर्षांची मुलगी चालता चालता तोल जाऊन थेट तिच्या मागच्या पायावर बसली. राणी गर्रकन वळली आणि तोंड त्या पोरीच्या गालापाशी. एकच आवाज झाला, दातावर दात आपटल्याचा. चावली नाही. मी पोरीला उचललं तेव्हा गालावर फक्त ओलं होतं, ओरखडासुद्धा नव्हता, पण मी ते गाल पाच-सहा वेळा पुसून पुसून बघितले, माझे हात थरथरत होते. आणि राणी तोपर्यंत उठून लंगडत आतल्या खोलीत पलंगाखाली जाऊन बसली होती.

संध्याकाळी आई न्यायला आली तेव्हा मी तिला सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती शांतपणे ऐकून गेली आणि पुढच्या महिन्यापासून मुलगी बंद केली. तिचं काही चुकलं असं मला त्या दिवशीही वाटलं नाही.

नंतर आठवत गेलं तसं कळलं की राणी मला महिनाभर सांगत होती. मुलं जवळ आली की ती मान फिरवायची, ओठांवरून जीभ फिरवायची, झोप नसताना जांभई द्यायची, डोळ्याचा पांढरा भाग दिसेल अशी तिरकी बघायची, उठून दुसऱ्या खोलीत जायची. ही सगळी कुत्र्याची "मला नकोय" म्हणायची भाषा आहे आणि मी समजत होते की तिला झोप आलीये. अजून एक, कुत्रा गुरगुरला तर त्याला कधीही मारू नका, ओरडू नका. गुरगुरणं ही त्याची सूचना आहे, ती तुम्ही बंद केलीत तर पुढच्या वेळी तो न सांगता थेट दात लावेल.

त्या आठवड्यात मी फॅब्रिकेशनवाल्याला बोलावलं आणि तिथपासून आमच्याकडे एकच नियम, मुलं आणि कुत्रा यांच्यामधे कायम दोन बंद दारं. एक नाही, दोन. कारण एक दार माणूस विसरतो. डोअरबेल वाजते, कुणाची तरी शी होते, कुकरची शिट्टी होते, आणि कडी लावायची राहते. दोन असली की एक राहिलं तरी दुसरं असतं. तुमच्या घरात मागची बेडरूम आणि अंगण सुलतानचं करा, बेडरूमचं दार आहेच, त्याच्या पुढे पॅसेजमधे लोखंडी जाळीचं अर्धं दार बसवून घ्या, पण अर्धं म्हणजे कमरेएवढं नाही हं, शेफर्ड तीन फूट सहज उडी मारतो, पाच फूट तरी घ्या, कडी मुलांचा हात पोचणार नाही अशी वर, आणि जाळीची भोकं एवढी बारीक की बाळाची बोटं पलीकडे जाणार नाहीत. मुलांच्या वेळेत सुलतान या बाजूला येणार नाही, "आज जरा शांत आहे" म्हणूनही नाही.

पण मग सुलतानने नऊ तास काय करायचं, हा प्रश्न तेवढाच महत्त्वाचा आहे आणि लोक नेमका हाच विसरतात. नुसता कोंडला तर तो दारावर नखं ओरबाडेल, भुंकून भुंकून झोपलेली पोरं उठवेल आणि चिडका होईल ते वेगळंच. मोठा झालेला कुत्रा दिवसातले १२-१४ तास झोपतो, त्या झोपेची वेळ आपण मुलांच्या वेळेशी जुळवायची. पहाटे साडेपाच-सहाला त्याला चांगला तासभर फिरवून, पळवून आणा, ते काम मिस्टरांकडे द्या. आल्यावर खाणं. पहिलं मूल यायच्या आत तो दमून, खाऊन मागच्या खोलीत पंख्याखाली. दुपारी मुलं झोपली की कुणीतरी त्याला मागच्या मागे अंगणातून बाहेर नेऊन आणायचं. कुणीतरी म्हणजे तुम्ही नाही, कारण झोपलेली मुलं सोडून तुम्हाला उठता येणार नाही. म्हणजे दुसरं मोठं माणूस घरात लागणारच, सासूबाई असोत की पगारी मावशी. ते माणूस मिळेपर्यंत पाळणाघर सुरू करू नका, यात मी अजिबात सूट देणार नाही. आणि सुरुवातीला तीन मुलांच्या वर घेऊ नका.

सगळ्यात धोक्याची वेळ सकाळी सोडायची आणि संध्याकाळी न्यायची. दार उघडं, आईच्या कडेवर बाळ, हातात डबा-दप्तर, सगळी घाई, आणि शेफर्ड जात्याच राखण करणारा, दारातल्या परक्या माणसावर तो धावणारच. या दोन्ही वेळी तो मागच्या खोलीत आणि दार लावलेलं, हे आधी हाताने ढकलून बघायचं आणि मगच पुढचं दार उघडायचं.

आता मिस्टरांचं. आधी मुलं येऊ देत मग सांगू, हे नको. पहिल्या फोनवरच सांगा की आमच्याकडे मोठा कुत्रा आहे, मुलांच्या वेळेत तो वेगळ्या भागात दोन दारांमागे असतो, येऊन बघा. दहातले सहा जण येणार नाहीत, नकोत येऊ देत, उरलेले चार डोळ्यांनी बघून येतील आणि टिकतील. २०१६ मधे खारघरच्या पाळणाघरात लहान बाळाला मारल्याचं सीसीटीव्हीत दिसलं, ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय, तेव्हापासून पाळणाघर म्हटलं की आईबापांच्या पोटात आधी गोळा येतो. त्यात तुम्ही एक गोष्ट लपवलीत आणि ती महिन्याने कळली तर दुसऱ्या कुठल्याच गोष्टीवर ते विश्वास ठेवणार नाहीत. कुत्रा असल्याचं फॉर्ममधे लिहून सही घ्या, आणि मुलाला कुत्र्याच्या केसांनी दम लागतो का, अंगावर उठतं का हे विचारून घ्या, दोन दारं असली तरी केस हवेतून येतातच. पण सही घेतली म्हणजे तुमची जबाबदारी संपली असं समजू नका. पाळीव जनावराबाबत निष्काळजीपणा हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

कागदपत्रं म्हणाल तर मनपाचं कुत्र्याचं लायसन्स, रेबीजची लस दरवर्षी, बाकीच्या लशी डॉक्टर सांगतील तशा, लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची) पावसाळ्याआधी. लसीच्या कार्डाची कॉपी मी दाराजवळ लावायचे. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी आणि अंगणातली शी ताबडतोब उचलायची, कारण कुत्र्याच्या जंताची अंडी शी बाहेर पडल्यावर मातीत दोन-चार आठवड्यांनी लागण करण्याजोगी होतात आणि लहान मुलं माती तोंडात घालतातच. मुलांना त्या अंगणात खेळायला सोडूच नका.

आणि हो, सुलतानचीही मुलांपासून काळजी घ्या. शिऱ्यातल्या मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा हे सगळं कुत्र्याला विषारी असतं, शिवाय डायपर आणि छोटे मोजे गिळले तर आतडं अडकतं. मुलं गेल्यावर आधी फरशी झाडायची, सतरंजीखालीसुद्धा बघायचं आणि मगच त्याला मोकळं सोडायचं. मोकळं सोडल्यावर तो सगळ्या घरभर वास घेत फिरेल, अर्धा तास फिरू द्या त्याला.

प्रश्न: आमची दीड वर्षाची मुलगी ज्या पाळणाघरात जाते तिथे लॅब्राडोर आहे. ताई रोज फोटो पाठवतात, कधी आमची मुलगी त्याच्या पाठीवर बसलेली, कधी गळ्यात हात टाकून. मला छान वाटतं पण बायकोला झोप लागत नाही. ती उगाच घाबरते का?
एक बाबा, ठाणे

उत्तर: नाही, तुमच्या बायकोचं बरोबर आहे. कुत्र्यांना गळ्यात हात टाकलेलं बहुतेक वेळा आवडत नाही, ते सहन करतात. दीड वर्षाच्या मुलीचं तोंड लॅबच्या तोंडासमोर येतं, म्हणून एवढ्या लहान मुलांना चावा बसतो तो बऱ्याचदा चेहऱ्यावर, मानेवर. ते फोटो परत एकदा नीट बघा, या वेळी मुलीकडे नाही, कुत्र्याकडे. कान मागे आहेत का, तोंड घट्ट मिटलंय का, मान बाजूला वळवलीये का, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय का.

ताईंशी भांडू नका, बहुतेक त्यांचा कुत्रा खरंच गुणी असेल. शांतपणे विचारा की फोटो काढताना दुसऱ्या मुलांकडे कोण बघत होतं, मुलं जेवताना कुत्रा कुठे असतो, झोपतात तेव्हा कुठे असतो, दिवाळीत फटाके वाजतात तेव्हा कुठे असतो. "असतो इथेच, काही करत नाही तो" असं उत्तर आलं तर त्याला वेगळं ठेवायची विनंती करा आणि आठ दिवसांनी न सांगता दुपारी जाऊन या. तसाच मोकळा दिसला तर दुसरं पाळणाघर बघा. आजींकडे थोडे दिवस ठेवावं लागलं तरी चालेल.

प्रश्न: माझ्या घरगुती पाळणाघरात आमच्या कुत्र्याचं नख खेळता खेळता एका मुलाच्या हाताला लागलं, बारीक लाल रेघ उठली, रक्त नाही. कुत्र्याला सगळ्या लशी दिल्या आहेत. आईला सांगून उगाच घाबरवू का?
एक वाचक, सांगली

उत्तर: सांगा, आणि हे वाचत असाल त्या क्षणी फोन करा. अशा वेळी आधी वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, कारण पंधरा मिनिटं खूप मोठी असतात आणि मूल रडायला लागलं की आपण दोन मिनिटांत थांबतो. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही, पट्टी बांधायची नाही. मग मुलाला आईसोबत डॉक्टरकडे न्यायचं. रक्त न आलेल्या ओरखड्यालाही लस सांगितलेली आहे, आणि रक्त आलं, चावा आत गेला किंवा उघड्या जखमेवर लाळ लागली तर लशीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही द्यावं लागतं. लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, हातावर देतात, पूर्वीची पोटातली चौदा इंजेक्शनं आता नाहीत. कातडीत द्यायची असेल तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. कुत्र्याला लस आहे म्हणून मुलाची टाळायची का, हे तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही, डॉक्टर ठरवतील, तुम्ही फक्त कुत्र्याचं कार्ड सोबत न्या आणि त्याला १० दिवस घरातच नजरेखाली ठेवा. रेबीज एकदा अंगात दिसायला लागला की त्यावर औषध नाही, म्हणून एवढं आग्रहाने लिहितेय.

डॉक्टरची फी तुम्ही द्या आणि राहिलेल्या डोसच्या तारखा तुमच्याही कॅलेंडरवर लिहून ठेवा, आदल्या संध्याकाळी त्या आईला आठवण करायला.