खांद्याचं मांस स्वस्त, तरी ते समुद्रापार पाठवणं परवडतं कसं?

तुम्ही विचारलंय की जनावराचा खांदा स्वस्त भाग समजला जातो, मग तो गोठवून हजारो मैल पाठवण्यात कुणाला काय मिळतं. मी काही वर्षं मांसाच्या निर्यातीची कागदपत्रं बघायचो, त्यावरून सांगतो.

पहिली गोष्ट, नुसता खांदा हवा किंवा नुसता नको असं करता येत नाही. जनावर कापलं की महागडा कमरेचा भाग निघतो, तसा खांदाही निघतोच. गोमांसात तर तो धडाचा साधारण चौथा हिस्सा. जनावराचं वजन पेलणारे हे स्नायू, त्यामुळे कोलॅजन, म्हणजे मांस चिवट करणारं प्रथिन, भरपूर. जाड तुकडा झटपट भाजला तर चिवट लागतो, पण मंद आचेवर दोनतीन तास ठेवला की तेच कोलॅजन विरघळतं. पातळ काप काढले तरी छान लागतो. म्हणून जिथे स्टेकची आवड आहे तिथे खांद्याला उठाव कमी, आणि जिथे पातळ कापून किंवा रटरट शिजवून खातात तिथे त्याला मान. अमेरिकेचा चक रोल, म्हणजे खांद्याचा मणक्यालगतचा बिनहाडी भाग, जपान आणि दक्षिण कोरियाला जातो तो याच कारणाने. कोरियात डुकराच्या खांद्याचा मानेकडचा भाग ‘मोक्साल’ म्हणून टेबलावर भाजून खातात. दोन देशांच्या भावातला किलोमागचा फरक छोटा दिसला तरी चाळीस फुटी रीफर (थंड ठेवणाऱ्या) कंटेनरमध्ये पंचवीसेक टन माल बसतो.

पण नुसत्या चवीवर हा व्यापार चालत नाही, आणि मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो जपानचा डुकराच्या मांसाचा नियम. १९७१ साली आयात खुली करताना त्यांनी ‘गेट प्राइस’, म्हणजे शुल्क ठरवणारी उंबरठ्याची किंमत ठेवली. सर्वसाधारण दरात (खास व्यापार करार नसलेल्या देशांसाठी) ती किलोला ५२४ येन आहे. माल त्याहून स्वस्त आला तर जवळपास सगळा फरक शुल्कात जातो. तेवढ्याचा किंवा महाग असेल तर फक्त ४.३ टक्के. आता समजा खांदा ३५० येनचा आणि कमरेचा भाग ७०० चा. एकटा खांदा आणला तर स्वस्ताईचा फायदा शुल्कातच संपला. दोन्ही सारख्या वजनाने एका खेपेत आणले तर सरासरी ५२५, आणि शुल्क अगदी कमी. त्यामुळे आयातदार महाग आणि स्वस्त तुकड्यांची जोडी जमवूनच मागणी नोंदवू लागले. सॉसेजसाठी लागणारा खांदा असा कमरेच्या सोबतीने प्रवास करतो. माझ्या मते हा नियम समजल्याशिवाय तिथल्या आयातीचे आकडे वाचूच नयेत.

दुसरा पेच हाडाचा. २००३ च्या डिसेंबरात अमेरिकेत ‘मॅड काऊ’ या मेंदूच्या रोगाची गाय सापडली आणि जपान, कोरियाने तिथलं गोमांस बंद केलं. २००६ मध्ये कोरियाने पुन्हा दार उघडलं ते फक्त बिनहाडी मांसासाठी, आणि पहिल्या खेपा हाडाचे बारीक कण सापडल्यामुळे परत पाठवल्या.

हाडावर सीमाशुल्कासाठीचा मालाचा वर्गीकरण क्रमांकही बदलतो. ताज्या डुकराचा हाडासकट खांदा ०२०३.१२ खाली, मांडीच्या सोबत. हाड काढलं की तो ०२०३.१९ मध्ये, ‘इतर’ म्हणून. (गोठवलेल्यासाठी ०२०३.२२ आणि ०२०३.२९.) गोमांसात तर खांद्याला स्वतंत्र क्रमांकच नाही, फक्त हाडासकट की बिनहाडी एवढंच बघतात. एकदा आमच्याकडून इन्व्हॉइसवर एक क्रमांक आणि आरोग्य प्रमाणपत्रावर दुसरा गेला. माल उणे १८ अंशांवर बंदरात अडकून पडला, विजेचं भाडं रोज वाढत राहिलं, आणि दुरुस्त प्रमाणपत्र हातात येईपर्यंत मला झोप नव्हती.

त्यामुळे कुठल्या देशाने किती खांदा पाठवला हे शोधायला गेलात तर ०२०३.१२ चा आकडा खांद्याचा म्हणून घेऊ नका. त्यात मांडी मिसळलेली असते आणि बिनहाडी खांदा मुळी नसतोच.